कथित राक्षसाचे वकील

आमच्या घरी एकदा मांजराने दूध सांडलं, तेव्हा आईने हातात लाटणं घेतलं आणि दिगंबरमामांनी मांजराचं वकीलपत्र.

मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. मांजर कपाटाखाली दडून बसलं होतं आणि मामा कपाटासमोर खुर्ची टाकून. पातेल्यावर झाकण होतं का, नव्हतं तर का नव्हतं, खिडकी कोणी उघडी ठेवली, मांजराला दूध पिताना प्रत्यक्ष कोणी पाहिलं, असे प्रश्न त्यांनी आईला एकामागून एक विचारले. आई त्यांची सख्खी धाकटी बहीण, पण म्हणून त्यांनी तिला सोडलं नाही. शेवटी खिडकी तिनेच उघडी ठेवली होती असं निघालं आणि मांजर निर्दोष सुटलं. उरलेलं दूधही त्यालाच मिळालं, झालेल्या मनस्तापाबद्दल.

दिगंबरमामा अकोल्याच्या कोर्टात फौजदारी वकील होते. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी फक्त आरोपींची बाजू मांडली. त्यामुळे जगात कोणावरही कसलाही आळ आला की मामांच्या अंगात आपोआप काळा कोट चढतो. शेजारच्या बोकडाने मामींची वाळत घातलेली साडी खाल्ली, तेव्हा ते बोकडाकडून उभे राहिले. दहावीला मी गणितात नापास झाले, तेव्हा सगळं घर माझ्यावर तुटून पडलं होतं आणि मामा गणिताच्या पेपरातल्या चुका शोधत होते. त्यांचं ठरलेलं वाक्य आहे, "आरोपीचं म्हननं काय हाये?" हे वाक्य ते लग्नात, बारशात, बसमध्ये, दातांच्या डॉक्टरकडे, कुठेही म्हणतात. दातांच्या डॉक्टरकडे आरोपी दात होता.

मामींनी या माणसासोबत संसार कसा केला, हे मला पूर्वी कळत नसे. मग एकदा जेवताना मामी म्हणाल्या, आज कढीत मीठ जास्तच पडलं माझ्याकडून. मामांनी भुरका मारला आणि म्हणाले, दबावाखाली दिलेला कबुलीजबाब आपण धरत नाही. आणि दुसरी वाटी घेतली.

मामा निवृत्त झाले, तेव्हा मामींना धास्ती वाटली होती की आता हा माणूस दिवसभर घरात बसून झुरळांचे जामीन करणार. त्याच सुमारास मी पुण्याची नोकरी सोडून अमरावतीला आई-बाबांकडे परत आले. वरच्या खोलीत बसून मी कॉम्प्युटरवर खेळायचा एक खेळ बनवत होते. बाबा लोकांना सांगायचे की पोरगी घरून काम करते. कसलं काम, असं कोणी विचारलं की ते हवामानावर बोलायला लागायचे. पुढच्या दिवाळीपर्यंत खेळ पूर्ण झाला नाही, तर मी गुपचूप परत नोकरी धरायची, असं आमचं ठरलं होतं.

माझा खेळ उलटा होता. एरवीच्या खेळात आपण नायक असतो, तलवार घेऊन गुहेत शिरतो आणि राक्षसाला मारतो. माझ्या खेळात आपण राक्षस. पातूरच्या लेण्यांसारखी एक गुहा आहे, शाळेच्या सहलीत बघितलेली ती लेणी मनात ठेवून मी काढलेली. तिथे हा राक्षस वांगी लावून एकटा राहतो. नायक मात्र येतच असतात, कारण राक्षस मारल्याशिवाय त्यांना गावात मान मिळत नाही. ते मडकी फोडतात, वांगी तुडवतात, आणि आपण राक्षसाला वाचवायचं. खेळाचं नाव ‘बिऱ्हाड’. तो अर्धवट असतानाच मी विकायला ठेवला होता. आजकाल तशी पद्धत आहे. लोक अपुरा खेळ घेतात, खेळतात, चुका सांगतात आणि आपण त्या दुरुस्त करत करत खेळ पुरा करायचा.

मामा दर शनिवारी अकोल्याहून यायला लागले. एकच्या गाडीने येतो म्हणायचे, आमच्याकडे जेवायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचे. बहिणीची आठवण येते, असं कारण होतं. आईला ते फार आवडलं होतं. अशाच एका शनिवारी जेवून हात पुसत ते वर आले आणि माझ्या पाठीमागे उभे राहून पडद्याकडे बघायला लागले.

"हा कोन?"

"राक्षस."

"कोन म्हनते?"

"सगळेच म्हणतात, मामा."

"सगळे म्हंजे कोन? साक्षीदाराचं नाव सांग."

मी खेळ समजावून सांगितला. मामा खुर्ची ओढून बसले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्या राक्षसाकडे ते असे बघत होते, जसं एखादा माणूस स्टँडवर गर्दीत आपल्या गावचा कोणी दिसल्यावर बघतो.

"पोरी," ते म्हणाले, "गुन्हा शाबीत झाला काय याच्यावर? नाई ना? मंग राक्षस कशी म्हनतं तू त्याले? कथित राक्षस लिव."

मी हसले आणि गंमत म्हणून तसं लिहून टाकलं. खेळ सुरू झाला की पडद्यावर अक्षरं यायची, ‘तुम्ही एक कथित राक्षस आहात.’ इंग्रजीतही तसंच केलं. आठवडाभरात कुठकुठल्या देशांतले लोक एकमेकांना ते वाक्य पाठवायला लागले. पुढच्या शनिवारी मी मामांना हे सांगितलं, तर त्यांना काहीच नवल वाटलं नाही. ते म्हणाले, कायदा सगळीकडे सारखाच.

त्यानंतर अर्ज सुरू झाले. मामा अकोल्याहून येताना कोर्टाच्या त्या हिरवट जाड कागदावर, समास सोडून, सुवाच्य अक्षरात लिहिलेले अर्ज आणायचे. वर लिहिलेलं असायचं, ‘अर्जदार कथित राक्षसातर्फे सविनय अर्ज ऐसाजे की’. खाली सही. अर्ज मी हातात घेऊन पोच दिल्याशिवाय ते खुर्चीवर बसत नसत. आई खालून विचारायची की वर काय चाललंय, आणि मामा म्हणायचे, कामकाज.

पहिल्या अर्जात मागणी होती की गुहेच्या तोंडाशी ‘परवानगीशिवाय आत येऊ नये’ अशी पाटी पाहिजे, म्हणजे आत शिरणारा नायक कायद्याने घुसखोर ठरेल. मी पाटी लावली. पण मी काहीतरी चुकीचं लिहिलं असणार, कारण नायक पाटीपाशी थांबून ती वाचायला लागले. एक वाचत असला की मागचा त्याच्यावर आदळायचा. पाच-पाच नायक तलवारी उपसून पाटी वाचत उभे, आणि राक्षस मागच्या भोकातून पसार. ही माझी चूक होती, मी दुरुस्त करणार होते, पण खेळणाऱ्यांनी विनवण्या केल्या की तेवढं राहू द्या.

दुसरा अर्ज पंचनाम्याचा. नायक निघून गेले की राक्षसाने गुहेत फिरून नुकसानीची नोंद करावी. फुटलेली मडकी दोन, तुडवलेली वांगी पाच, भिंतीवर तलवारीचा ओरखडा एक. मी म्हटलं, मामा, हे कंटाळवाणं होईल. मामा म्हणाले, करून तर बघ. मी केलं. आता लोक लढाई कशीबशी उरकतात आणि पंचनामा मन लावून करतात. परदेशातल्या एका बाईंनी कळवलं की दिवसभर ऑफिसात डोकं पिकल्यावर त्या घरी येतात आणि शांतपणे वांगी मोजतात.

स्वतः मामा मात्र खेळात फार वाईट होते. एका बोटाने कळा दाबायचे आणि राक्षसाला तोंडाने सांगायचे, "सरक बाप्पा, सरक." तो सरकला नाही की ते स्वतः खुर्चीत सरकायचे. त्यांच्या राक्षसाने एकाही नायकाला कधी मारलं नाही. का मारत नाही म्हणून विचारलं, तर म्हणाले, आपला अशील असं काही करत नसते.

एकदा एका खेळणाऱ्याने आमच्या खेळाला फार वाईट शेरा दिला. राक्षस भित्रा आहे, मारामारी कमी आहे, पैसे वाया गेले, असं लिहिलं. मी दिवसभर तोंड पाडून बसले. मामांनी अकोल्याहून अकरा पानी म्हणणं पाठवलं आणि फोनवर बजावलं की एकही शब्द न गाळता इंग्रजी कर. मी केलं आणि डोळे मिटून त्या शेऱ्याखाली टाकलं. दोन दिवसांनी त्या माणसाने आपला शेरा मागे घेतला. त्याने लिहिलं होतं की मी चौथ्या पानावर दमलो, पुढचं सगळं मला मान्य आहे.

खेळ हळूहळू चालायला लागला. बाबा हवामानावर बोलायचे थांबले. एका लग्नात मी त्यांना स्वतःहून सांगताना ऐकलं की आमच्या मुलीचा एक राक्षस आहे. दिवाळी चार महिन्यांवर आली होती, आणि मी कामांची यादी भिंतीवर लावून एकेक काम खोडत होते. त्यातच मामांनी तो अर्ज आणला.

मागणी अशी की नायकाच्या बाजूनेही माणसाला खेळता आलं पाहिजे. एकाने राक्षस व्हायचं, दुसऱ्याने नायक, दोघांनी शेजारी बसून. कॉम्प्युटर हा विरुद्ध पक्ष म्हणून चालणार नाही, कारण त्याला राग येत नाही, असं त्यात लिहिलं होतं. मी सांगितलं की हे पाटी लावण्याइतकं सोपं नाही, सगळा खेळ उकलून परत शिवावा लागेल, दिवाळी हातची जाईल. मामा पुढच्या शनिवारी तोच अर्ज परत घेऊन आले. त्याच्या पुढच्या शनिवारीही. तिसऱ्यांदा त्यांनी कागद पुढे केला, तेव्हा मी घेतला नाही. मी म्हणाले, "मामा, हा खेळ माझा आहे. तुमचं कोर्ट नाही."

मामांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि खाली जाऊन आईशी तुरीच्या डाळीबद्दल बोलत बसले. जाताना मला नेहमीसारखं "येतो बरं" म्हणाले. पण पुढचे दोन शनिवार ते आलेच नाहीत. आईने दोन्ही वेळा त्यांच्यासाठी पातोड्यांची रस्साभाजी केली होती. भाजी वाढताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

तिसऱ्या शनिवारी दुपारी फाटकाशी एक बाई उभ्या होत्या. हातात मामांची खाकी पिशवी. इथे दिगंबरकाकांची बहीण राहते ना, असं त्यांनी विचारलं. त्या इथल्याच एका कॉलेजात शिकवत होत्या आणि त्यांचं आडनाव देव होतं.

हे आडनाव ऐकून आई दारातच थांबली, कारण देवसाहेब म्हणजे अकोल्याचे सरकारी वकील, मामांचे जन्माचे वैरी. तीस वर्षं ते एका टेबलाशी उभे राहिले आणि मामा दुसऱ्याशी. लहानपणी सुट्टीत आम्ही अकोल्याला गेलो की मामा कोर्टातून घरी येऊन सांगायचे, आज देवाला चांगला उभा-आडवा घेतला, उद्या देवाचा साक्षीदार खोटा पाडतो. मला बरेच दिवस वाटायचं की आपला मामा कोर्टात खऱ्या देवाशी भांडतो, आणि मी परीक्षेच्या वेळी देवळात जायला घाबरायचे. दोघांनी कोर्टाच्या कँटीनमध्ये कधी एका बाकावर चहा घेतला नव्हता. देवसाहेबांसारखा खडूस माणूस साऱ्या वऱ्हाडात नाही, असं मामांचं मत होतं. देवसाहेब निवृत्तीनंतर अमरावतीला मुलाकडे आले, एवढंच आम्हाला माहीत होतं.

या बाई त्यांच्या सूनबाई. बाकीचं त्यांनी सांगितलं. मागच्या वर्षी देवसाहेबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. वाचाही गेली होती, पण डॉक्टर म्हणाले ती बरीचशी परत आली आहे, आता बोलणं त्यांच्या मनावर आहे. ते बोलत नव्हते. खिडकीकडे तोंड करून बसत. पहिल्यांदा पुष्कळ लोक भेटायला आले, मग कमी झाले, मग फक्त दिगंबरकाका. दर शनिवारी सकाळी दहाला यायचे. अडीच तास समोर बसून जुने खटले बोलायचे, मुद्दाम चुकीचे सांगायचे, म्हणजे रागावून तरी हे दुरुस्त करतील. ते कधी दुरुस्त करत नव्हते. मग काका साडेबाराला उठायचे.

"आजही आले होते?" आईने विचारलं.

आज आले होते आणि मागचे दोन शनिवारही आले होते. जेवायला थांबा म्हटलं, की म्हणत बहीण पाट मांडून वाट बघून राहिली. आज पिशवी विसरून गेले, म्हणून पत्ता शोधत सूनबाई इथे आल्या होत्या.

आई आत गेली. तिने पाणी आणायला इतका वेळ लावला की मीच उठून आणलं.

सूनबाई गेल्यावर मी पिशवी उघडली. आत अकोल्याच्या गाडीची दोन जुनी तिकिटं, एका कागदात अर्धा गिला वडा आणि हिरवट कागदांची घडी. वर अर्जाचा क्रमांक होता, पण सही नव्हती. तो मला कधी दाखवलाच नव्हता. त्यात लिहिलं होतं:

‘नायकाचे वय अंदाजे अडुसष्ट. उजवा हात चालत नाही, सबब सर्व कळा डाव्या हाताला पुरतील अशा असाव्यात. अक्षरे मोठी असावीत. नायक हळू आहे, त्याला घाई करू नये. नायक स्वभावाने अत्यंत तापट असून हरणे त्याला सहन होत नाही, तरी त्याला मुद्दाम जिंकवू नये, ते त्याच्या लगेच ध्यानात येते.’

मी भिंतीवरची यादी उतरवून ठेवली. दिवाळीपर्यंत खेळ पुरा होणार नाही आणि का, हे मी बाबांना सांगितलं, तेव्हा त्यांनी पेपर खाली ठेवून एवढंच विचारलं की डाव्या हाताने खेळायचं म्हणजे कळा कोणत्या. मग ते स्वतः उजवा हात पाठीमागे धरून तासभर माझ्यासमोर बसले आणि कोणती कळ लांब पडते, ते सांगत राहिले. दीड महिना गेला. मी मामांना फोन केला आणि म्हणाले की तुमचा अर्ज मंजूर झाला.

"कोनता?"

"जो तुम्ही दाखल केला नाही, तो."

पलीकडे डायरीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग मामा म्हणाले, "तारीख काय देली?"

पुढच्या शनिवारी सकाळी दहाला आम्ही देवसाहेबांकडे गेलो. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. उंच माणूस, इस्त्रीचा शर्ट, केस नीट विंचरलेले. कोणीतरी रोज काळजीने विंचरत असणार. ते खिडकीकडे बघत होते. मी लॅपटॉप त्यांच्यासमोरच्या टेबलावर ठेवला आणि कळांवर चिकटवलेल्या लाल टिकल्या दाखवल्या. त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही. मामा त्यांच्या शेजारी खुर्ची घेऊन बसले. एका बाकावर कधी न बसलेली ती दोन माणसं आता एका पडद्यासमोर होती.

दहा मिनिटं काहीच झालं नाही. नायक गुहेबाहेर तलवार धरून उभा आणि राक्षस आत वांग्यांना पाणी घालतोय. मामा बोलत होते, नेहमीसारखं उलटसुलट. मग त्यांनी राक्षसाला गुहेच्या तोंडाशी आणलं, पाटीजवळ. खेळात पाटीवर आपल्याला हवं ते लिहिता येतं. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत मामांनी लिहिलं, ‘सरकारी पक्ष गैरहजर.’

देवसाहेबांची मान वळली.

त्यांचा डावा हात मांडीवरून उठला, टेबलावर आला आणि बराच वेळ तसाच राहिला. मग नायक एक पाऊल चालला. भिंतीवर आदळला. परत आदळला. सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या, त्या पुढेही येईनात आणि मागेही जाईनात. नायक हळूहळू गुहेत शिरला, वांग्यांच्या वाफ्यात अडकला, निघाला आणि राक्षसाच्या दिशेने यायला लागला.

आणि मामांचं बोट थांबलं. मी त्यांच्या मागेच उभी होते, मला दिसत होतं. त्यांनी हात कळांवरून काढून घेतला आणि गुडघ्यावर ठेवला. राक्षस पाठ करून उभा राहिला. नायकाला फक्त येऊन वार करायचा होता. मुद्दाम जिंकवू नये, हे कागदावर लिहिलेलं शेवटचं कलम मामांनी स्वतःच मोडलं होतं.

नायक राक्षसापासून हातभर अंतरावर आला आणि थांबला. देवसाहेब पडद्याकडे बघत होते. मग त्यांनी मामांच्या गुडघ्यावरच्या हाताकडे बघितलं. त्यांच्या कपाळावर शीर उठली. ओठ दोनदा हलले, आवाज आला नाही. तिसऱ्यांदा आला.

"दिगंबर," ते म्हणाले. आणि बऱ्याच वेळाने, "पळ."

मामा पळाले. म्हणजे राक्षस पळाला, पण मामाही खुर्चीत अर्धे उठले होते. पुढचा दीड तास त्या दोघांनी माझ्या गुहेचं जे केलं, त्याचा पंचनामा करणं शक्य नव्हतं. चहा थंड झाला, सूनबाईंनी दुसरा केला, तोही थंड झाला. देवसाहेब आणखी तीनच शब्द बोलले आणि तिन्ही शिव्या होत्या. राक्षस दोनदा खराखुरा हरला.

मामा त्या दिवशी आमच्याकडे जेवले, पण काय जेवले ते त्यांना कळलं नसावं. संध्याकाळी मी त्यांना ऑटोने स्टँडवर सोडायला गेले. अकोल्याची गाडी लागली होती, खिडकीतून लोक रुमाल टाकून जागा धरत होते. मामा धक्काबुक्कीत शिरले नाहीत. पिशवी छातीशी धरून उभे राहिले.

"कोर्टात तो मले विद्वान वकील म्हने," ते म्हणाले. "तीस वर्षं. विद्वान वकील, विद्वान वकील. त्याले माह्यं नाव मालूम हाये, हे मले मालूम नोतं."

मग गर्दी सरली, आणि मामा शेवटी चढले. मागच्या बाकावर, खिडकीपासून लांब जागा मिळाली त्यांना. गाडी फलाटावरून निघाली तेव्हा ते समोर बघत होते, आणि त्यांचं एक बोट पिशवीवर कळा दाबत होतं.